गोधडी शिवायला बसावे कसे?

मराठी घरांतील जुन्या ट्रंका किंवा दिवाणाच्या पोटातील कप्पे उघडले, की पुष्कळदा त्यांत एखादी अर्धवट गोधडी सापडते. आईच्या वा आजीच्या लुगड्यांची, कडेने पाच-सात फेऱ्या घातलेली, मधोमध कच्चे टाके तसेच राहिलेले आणि एका कोपऱ्यात गंजलेली सुई अडकलेली. ती अशी का राहिली, या प्रश्नाला ‘वेळ मिळाला नाही’ असे ठरावीक उत्तर मिळते. जरा खोदून विचारले, तर मान आखडू लागली, अंगठा ठणकू लागला, गुडघ्यांमुळे खाली बसवेना, ही खरी कारणे बाहेर पडतात. टाका जमला नाही म्हणून सोडून दिलेली गोधडी विरळाच. टाका अवघड नाहीच. अवघड आहे ती बैठक.

गोधडीचे तंत्र तसे साधे आहे. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, खाली-वर धड कापडाचे अस्तर घ्यायचे आणि सारे थर धावदोऱ्याने एकमेकांत गुंतवायचे. परंतु या साधेपणात श्रमाचा जो ढीग दडलेला असतो, त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. १२० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब अशी एका माणसाची गोधडी घेतली आणि दोन ओळींत दोन सेंटिमीटरचे अंतर राखले, तरी धावदोऱ्याची एकूण लांबी १०८ मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर दहा हजारांहून अधिक टाके होतात. त्या प्रत्येक टाक्यासाठी अंगठा आणि तर्जनीची चिमूट एकदा आवळली जाते आणि एकदा सुई ओढली जाते. एखादी चूक दहा टाक्यांत जाणवत नाही. दहा हजार टाक्यांत मात्र ती सांध्यांत जाऊन बसते.

पूर्वीच्या बायका हे काम कसे करीत, हे पाहिले म्हणजे आजची अडचण नेमकी कोठे आहे ते उमगते. शेतीची कामे उरकलेली असत तेव्हा, उन्हाळ्याच्या दुपारी, ओसरीत किंवा सावलीच्या अंगणात गोधडी अंथरली जाई. शिवणारी तिच्याच एका भागावर बसे, एक पाय तिच्यावर लांब करी आणि कडेपासून आत अशा फेऱ्या घालीत सरके. चौकट नाही, रिंग नाही. कापड ताणून धरण्याचे काम जमीन आणि शिवणारीचे स्वतःचे वजन मिळून करीत. गोधडीचा भार जमिनीवर, हातात फक्त वीतभर कापड. शिवाय समोरच्या कडेला जाऊ नाहीतर शेजारीण बसलेली असे, त्यामुळे काम निम्मे होई. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, त्याही अशाच कडेने सुरुवात करून मध्याकडे जातात. थोडक्यात, जमीन हेच या कामाचे सर्वांत मोठे उपकरण होते.

शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात नेमके हेच उपकरण नाहीसे झाले. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आणि कपाट मांडले, की गोधडी पुरती अंथरण्याइतकी मोकळी फरशी उरत नाही. उरली, तरी हौसेने गोधडी हाती घेणाऱ्या अनेकींनी पन्नाशी ओलांडलेली असते आणि त्यांना तासभर मांडी घालणे झेपत नाही. मग गोधडी सोफ्यावर येते, सगळीच्या सगळी मांडीवर घेतली जाते आणि तेथूनच दुखण्याला प्रारंभ होतो.

वजन कोणी पेलायचे?

नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. अशी चार सुती लुगडी थरांत गेली, तर गोधडी सहज दोन किलोंच्या पुढे जाते. सोफ्यावर बसून शिवताना यातील बराचसा भाग मांडीवरून खाली लोंबतो आणि आपल्या वजनाने कामाचा भाग सतत खाली खेचत राहतो. शिवणारी नकळत तो डाव्या हाताने वर धरून ठेवते. दहा मिनिटांत खांदा उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान पुढे झुकते. मानेचे गणित तर फारच कठोर आहे. सरळ बसलेल्या माणसाचे डोके साधारण पाच किलोंचे असते. अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रारूपावरून केलेल्या अंदाजानुसार, मान ३० अंशांत झुकली की मणक्यावरील भार सुमारे १८ किलो होतो आणि ६० अंशांत तो २७ किलोंपर्यंत जातो. हा प्रारूपावर आधारलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, हे खरे. परंतु संध्याकाळी मानेला बाम चोळणाऱ्या कोणालाही त्याची दिशा पटेल.

म्हणून घरात जागा निवडताना पहिला प्रश्न ‘मी कोठे बसू?’ हा नसून ‘गोधडी कोठे बसेल?’ हा असायला हवा. कामाचा वीतभर भाग सोडून उरलेली गोधडी कशावर तरी टेकलेली असली पाहिजे. या दृष्टीने घरातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोयीची जागा म्हणजे जेवणाच्या टेबलाचा कोपरा. गोधडी टेबलावर पसरावी, कामाची कड आपल्याकडे घ्यावी आणि टेबलाखाली लोंबणारा भाग शेजारच्या खुर्च्यांच्या बैठकीवर ठेवावा. इस्त्रीचे उंची बदलता येणारे टेबल असेल, तर ते डाव्या बाजूला टेबलाच्या पातळीवर लावले की लांबीच्या दिशेचा सगळा भार त्यावर जातो. गोधडी टेबलावर राहिल्याचा आणखी एक लाभ आहे, तो एप्रिल-मे महिन्यांत कळतो. चार लुगड्यांचे थर मांडीवर घेऊन नागपुरात काय, पुण्यातही दुपारी बसवत नाही.

टेबल, खुर्ची आणि पाट

टेबल-खुर्चीवर शिवायला बसणाऱ्या अनेकींना खांदे दुखण्याचा अनुभव येतो आणि ‘आम्हाला खालीच बसायची सवय’ असा निष्कर्ष त्या काढतात. दोष सवयीचा नसतो, मापाचा असतो. बाजारातील जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. परिणामी तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत आणि टेबल कोपरांच्या वर राहते. मग खांदे उचलून शिवावे लागते.

यावरचा उपाय घरातच आहे. प्रथम खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवून बैठक उंचवावी, इतकी की हात सैल सोडून कोपरात काटकोनात वाकवले असता ते टेबलाच्या पृष्ठभागाशी किंवा किंचित वर येतील. असे केले की पाय आणखीच अधांतरी होतात. म्हणून पायांखाली पाट घ्यावा. एक पाट कमी पडला, तर दोन. पाय टेकले की कंबर आपोआप मागे जाते आणि पाठीला टेका मिळतो. गुळगुळीत फरशीवर पाट सरकू नये म्हणून खाली जुन्या पायपुसण्याचा तुकडा टाकावा. खर्च काही नाही. पण नव्या खुर्चीसाठी दुकाने पालथी घालण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहावा. हात असलेली खुर्ची मात्र या कामाला निरुपयोगी, कारण सुई ओढताना कोपर तिच्या हातावर आपटते.

कामाची उंची बरोबर असली, तरी टेबलावर सपाट पडलेले कापड पाहायला मान झुकवावी लागतेच. त्यासाठी कामाच्या भागाखाली पुढून उतरती होईल अशी घट्ट उशी किंवा लोड ठेवावा. लिहिण्याच्या जुन्या उतरत्या डेस्कमागे हाच विचार होता. कापड थोडे आपल्याकडे कलले की डोळा खाली जाण्याऐवजी काम वर येते.

जमिनीवर बसणे ज्यांना सोसते, त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही. दोन दुरुस्त्या तेवढ्या कराव्यात. थेट फरशीवर न बसता चार-पाच इंच उंच घडीवर बसावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठीला बाक येत नाही. पाठीशी भिंत आणि तक्क्या असावा. समोर चौरंग ठेवून त्यावर कामाचा भाग घेतला, तर वाकणे निम्म्याने कमी होते. मांडी, एक गुडघा वर, पाय लांब अशा बैठका आलटून पालटून घ्याव्यात. गुडघ्यांची झीज झाली आहे किंवा सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र आठवणींच्या ओढीने जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये. दिवाणावर भिंतीला टेकून, गोधडी भोवती पसरून आणि पाय खाली सोडून बसणे ही त्यांच्यासाठी चांगली तडजोड आहे. झोपाळ्यावर बसून शिवण्याची कल्पना रम्य वाटते, पण हलत्या बैठकीवर सुई बोटात जाण्यापलीकडे तिच्यातून फारसे काही साधत नाही.

रिंग घ्यावी की नाही?

जमीन सुटली की कापड ताणून धरणारे काहीतरी लागते. पाश्चात्त्य देशांत यासाठी लाकडी चौकटी वापरीत. अमेरिकेत लहान घरांतून अशा चौकटी दोरांनी छताला टांगलेल्या असत. काम संपले की त्या वर ओढून घेत आणि खाली पुन्हा घर वावरायला मोकळे होई. जागेची टंचाई ही काही मुंबईचीच मिरास नव्हे! आपल्या घरांत मात्र चौकटीपेक्षा १२ ते १४ इंच व्यासाची, जाड कडेची लाकडी रिंग अधिक सोयीची. भरतकामाची पातळ रिंग गोधडीच्या थरांवर बसत नाही, बसवली तर निसटते.

भरतकाम केलेल्यांना येथे एक सवय मोडावी लागते. भरतकामात कापड रिंगेत डफासारखे ताणतात. गोधडीत तसे ताणले, तर सुईला थरांतून खाली जाऊन पुन्हा वर येण्यापुरती लवचीकता उरत नाही आणि प्रत्येक टाका दोन खेपांत घ्यावा लागतो. कापडाच्या मध्यावर बोट दाबले असता ते थोडे खाली गेले पाहिजे. रिंगेची एक कड टेबलाच्या काठावर आणि दुसरी मांडीवर टेकवावी. हातात धरून ठेवल्यास डाव्या मनगटाला तिचाच शिणवटा येतो. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर मऊ सुती कापडावर वळ उमटतो.

रिंग घेतली की शिवण्याची दिशाही बदलावी लागते. जमिनीवर कडेपासून आत जाता येते, कारण सगळे थर एकाच वेळी सपाट पसरलेले असतात. रिंगेत एका वेळी लहानसा भागच पसरलेला असतो, म्हणून कडेने आत गेल्यास जादा कापड मधोमध साचून फुगवटा येतो. तेव्हा मध्यापासून बाहेर जावे, म्हणजे सैलपणा कडेकडे सरकत जातो. परंपरेच्या फेऱ्याच हव्या असतील, तर रिंग नको. टेबलावर सपाट पसरूनच शिवावे.

अंगठ्याचे दुखणे

मानेचे दुखणे विश्रांतीने उतरते. अंगठ्याचे तितक्या सहज उतरत नाही. चिमटीच्या टोकाशी जेवढा जोर लावावा, त्याच्या सुमारे बारापट भार अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ असलेल्या सांध्यावर येतो, असा हिशेब जैवयांत्रिकीच्या अभ्यासकांनी १९७७ साली मांडला आहे. याच सांध्याची झीज रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत विशेष आढळते. म्हणजे सुई घट्ट धरून जाड थरांतून ओढून काढणे हे नेमक्या दुखऱ्या जागी घाव घालण्यासारखे आहे.

यावर पहिला इलाज सुईचा नाही, कापडाचा आहे. अनेक वर्षे धुतलेले मऊ लुगडे सुईला वाट देते. नव्या, घट्ट विणीच्या चादरीचे अस्तर लावले, की तीच सुई अडते. अस्तरासाठी नवे कापड घ्यायचेच असेल, तर सैल विणीचे घ्यावे आणि दोन-तीनदा धुऊन खळ काढून टाकावी. लुगड्यांचे जाड काठ एकावर एक येऊ देऊ नयेत. जरीचे काठ तर थरांत घालूच नयेत; हवे असल्यास शोभेसाठी कडेने वरून लावावेत. थरांची संख्याही आटोपती ठेवावी. पुण्या-मुंबईच्या हवेत तीन-चार थरांची गोधडी पुरते. सहा-सात थरांची जाडजूड वाकळ हा मायेचा भाग असेल. हातांवर मात्र तो अन्याय आहे.

सुई ढकलण्यासाठी मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. ‘ते घातले की बोट बधिर वाटते’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरी आहे, पण पहिल्या काही दिवसांपुरतीच. अंगुस्तानाने ढकललेली सुई बोटाच्या बळावर नव्हे, तर हाताच्या बळावर पुढे जाते आणि चिमटीचे काम फक्त दिशा देण्याचे उरते. सुई ओढून काढण्यासाठी नोटा मोजताना बोटात घालतात ते खडबडीत रबरी टोपण तर्जनीत घालावे. घामट हवेत निसटणारी सुई कमी जोरात हाती येते. बारीक सुई कमी शक्तीत शिरते, हे लक्षात ठेवून दोरा ओवता येईल इतपतच जाड सुई घ्यावी. दोरा हातभर, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटरच असावा. लांब दोऱ्याने गाठी कमी माराव्या लागतात खऱ्या, पण प्रत्येक टाक्याला हात खांद्यापासून फेकावा लागतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला, तर तो थरांत कमी घासतो.

ज्यांना मधुमेह आहे आणि बोटांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी कापडाखालच्या हाताच्या बोटावर चामड्याचा तुकडा किंवा चिकटपट्टी अवश्य लावावी. सुई टोचलेली कळली नाही, तर जखम चिघळते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर तो मनगटातील मज्जातंतूवरील दाबाचा इशारा असू शकतो. मलम चोळत न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उजेड, चष्मा आणि विश्रांती

उजव्या हाताने शिवणाऱ्यांना उजेड डाव्या बाजूने हवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्यांना याउलट. वयाचाही विचार हवा: साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. छताच्या मधोमध असलेला एकुलता दिवा म्हणूनच पुरत नाही. त्याच्या जोडीला वाकवता येणारा टेबललॅम्प हवा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा शिवताना मानेला छळतो, कारण जवळचे दिसण्यासाठी हनुवटी वर आणि डोळे खाली अशी कसरत करावी लागते. शिवताना डोळ्यांपासून कापडापर्यंतचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगावे आणि त्या अंतरासाठी वेगळा साधा चष्मा करून घ्यावा. कित्येकींचे मानेचे दुखणे यानेच कमी होईल.

दर अर्ध्या तासाने उठावे, हा सल्ला सारेच देतात आणि कोणी पाळत नाही. हात रंगात आले की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. त्यापेक्षा बसण्यापूर्वीच चार सुया ओवून ठेवाव्यात. चौथी संपली की उठणे भागच पडते, कारण पुढची ओवायला नव्याने तयारी लागते. कुकर लावूनच शिवायला बसण्याची जुनी गृहिणींची युक्तीही वाईट नाही.

सर्वांत कष्टाचे काम

या साऱ्यापेक्षा शरीराला अधिक शिणवणारे काम म्हणजे थर अंथरून कच्चे टाके घालणे. ते परंपरेने जमिनीवर, गुडघ्यांवर रांगत केले जाते आणि अनेक गोधड्यांचा उत्साह तेथेच मावळतो. टेबलावरही ते करता येते. खालचे अस्तर टेबलावर पसरून कडांना कचेरीत वापरतात तशा बाइंडर क्लिपांनी घट्ट बसवावे, वर थर आणि अस्तर हाताने बाहेरच्या दिशेने सपाट करीत ठेवावेत आणि टेबलावर मावेल तेवढ्याच भागात बोटभर लांबीचे कच्चे टाके वीतवीत अंतराने घालावेत. मग क्लिपा सोडून गोधडी सरकवावी आणि पुढचा भाग घ्यावा. सरकवताना खालचे अस्तर पुन्हा ताणून घ्यायला विसरू नये. मागच्या बाजूच्या बहुतेक चुण्या येथेच पडतात. हे उभ्याने करायचे काम आहे, आणि दुसरे कोणी हाताशी असेल तर त्याच वेळी बोलवावे. शिवायला एकटीने बसता येते. चार थर एकटीने सरळ अंथरणे जिकिरीचे असते.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मोठी गोधडी न घेता बाळाचे दुपटे घ्यावे. मीटरभर लांबी-रुंदीचे, दोन-तीन थरांचे दुपटे पूर्णपणे टेबलावर मावते आणि आठवड्याभरात आपली खुर्ची उंच हवी की बुटकी, रिंग सोसते की नाही, दिवा कोठे हवा, हे सारे त्यावरच कळून येते. मग ट्रंकेतील ती अर्धवट गोधडी बाहेर काढावी. तिची गंजलेली सुई आधी काढून टाकावी, कारण गंजाचा डाग सुती कापडावरून सहसा जात नाही. जुने कच्चे टाके सैल झाले असतील, तर उसवून नव्याने घालावेत. काम रोज थोडे व्हायचे, तर गोधडी घडी न घालता गुंडाळून टेबलाजवळच ठेवावी. आणि उठण्यापूर्वी सुया मोजाव्यात. चार ओवल्या असतील, तर चारही डबीत परत गेल्या पाहिजेत.